शिट्टीकाकांचा वन-वे समुद्र

शिट्टीकाकांच्या इमारतीत जिना चढणाऱ्यानं भिंतीकडून चढायचं आणि उतरणाऱ्यानं कठड्याकडून उतरायचं, असा नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, सोसायटीनं मंजूर केलेला नाही. पण काका दार उघडं ठेवून बसलेले असतात आणि चुकीच्या बाजूनं पाय वाजला की आतून खाकरतात. माणसं मुकाट्यानं बाजू बदलतात. मांजर बदलत नाही, म्हणून मांजराचं आणि त्यांचं जमत नाही.

उभी नोकरी काकांनी वाहतूक पोलिसात काढली, आणि तीही बहुतेक बाजाराजवळच्या एका चौकात. दोन्ही हात, एक शिट्टी आणि चेहऱ्यावर कायमचा संशय, एवढ्या सामग्रीवर त्यांनी तो चौक चालवला. निवृत्त झाल्यावर चौक गेला, पण हात राहिले. ते मग जिथे मिळेल तिथे कामाला लागले. जेवायला बसलं की मिठाची वाटी डावीकडूनच फिरली पाहिजे. चपलांच्या रांगेत एकही चप्पल आडवी नको. खालच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं तेव्हा काका आपण होऊन खाली गेले आणि कपाट वर चढवायची जबाबदारी अंगावर घेतली. "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या" करत त्यांनी ते कपाट जिन्याच्या वळणावर असं काही अडकवलं की बिऱ्हाडकरूंची पहिली संध्याकाळ आपल्याच कपाटाच्या पलीकडे उभं राहण्यात गेली. काकांचं म्हणणं, चूक कपाटाची होती, त्यानं खूण पाहिली नाही.

त्यांची एकही खूण न पाहणारी दुसरी व्यक्ती म्हणजे काकू. काकू घरी कपडे शिवतात, उसवतात, सैल-तंग करून देतात. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या आणि पायाला भिंगरी. स्वयंपाकघरातून मशीनकडे, मशीनकडून गॅलरीत, गॅलरीतून परत गॅसकडे, कधी कुठून वळतील याचा नेम नाही. आणि एवढं करून त्यांचं दूध कधी उतू जात नाही, गिऱ्हाइकाचा वायदा कधी चुकत नाही. ही गोष्ट काकांना फार खटकते. आपल्या डोळ्यांसमोर इतकी बेशिस्त वाहतूक इतकी वर्षं चालू आहे आणि एकही अपघात नाही, याला काय म्हणावं हे त्यांना अजून कळलेलं नाही.

आणि तिसरी त्यांची लेक. एकुलती एक. ती दुसऱ्या गावी नोकरीला गेली तेव्हा मागे आपला काचेचा समुद्र ठेवून गेली.

समुद्र म्हणजे बैठकीच्या खोलीत, खिडकीच्या अलीकडे, जाड लाकडी स्टँडवर ठेवलेला एक छोटासा टँक. मिठाचं पाणी, तळाला पांढरी वाळू, मधे भोकाभोकांचा दगड, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, काचेवरून सरकणारी एक गोगलगाय, आणि दगडाच्या माथ्यावर या सगळ्याचा मालक असल्यासारखं बसलेलं एक प्रवाळ. हिरव्या बोटांचे तीन-चार झुबके, बोटांच्या टोकाला पिवळे मणी, आणि पाणी हलेल तशी सगळी बोटं डुलणार. काकू त्याला फूल म्हणायच्या. "फूल नाही गं आई, प्राणी आहे तो," असं लेक दर वेळी सांगायची, आणि काकू म्हणायच्या, "बरं, पाणी कोण घालतं त्या फुलाला?"

लेकीनं खरं तर तो टँक तिच्या जुन्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला द्यायचं ठरवलं होतं. त्या माणसाकडे घरी असले आणखी दोन टँक होते आणि याच्यावर त्याचा डोळा होता. काकूही खूश होत्या, कारण ती जागा त्यांना दुसऱ्या मशीनसाठी हवी होती. आडवे आले ते काका. मी सांभाळतो म्हणाले. जन्मात ज्यांनी कुंडीला पाणी घातलं नाही ते म्हणाले, मी सांभाळतो.

काकूंना वाटलं, हट्ट आहे. गल्लीला वाटलं, रिकामटेकडेपण आहे. खरं कारण वेगळं होतं आणि ते फोनात होतं. पूर्वी लेक बाहेर असली की दर रविवारी फोन करायची आणि काकांनी उचलला की म्हणायची, "बाबा, बरे आहात ना? आईला द्या." संपलं बापाचं बोलणं. मग आत मायलेकींचं तासभर चालायचं आणि काका शेजारी पेपर धरून बसायचे, तोही बहुतेक उलटा. टँक काकांच्या ताब्यात आल्यावर चित्र पालटलं. आता रविवारी फोन यायचा तो तोंड दाखवायचा फोन, आणि थेट काकांच्या नावावर. "बाबा, पाण्याचं तापमान किती? मीठ मोजलं? गोगलगाय फिरतेय ना?" ती विचारेल त्याचं उत्तर काका देत आणि न विचारलेल्याचं दोनदा. लेकीचं लक्ष प्रवाळाकडे असे, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण प्रवाळ दाखवायला फोन धरणारा हातही लागतोच, आणि तो हात बापाचा होता. टँक आहे तोवर हा फोन आहे, असं त्यांचं साधं गणित होतं. आणि लेक अधूनमधून म्हणायचीच, "त्रास होत असेल तर सांगा हं बाबा. तो सहकारी टँक न्यायला एका पायावर तयार आहे."

अशात एका सकाळी टँकमधला पंप बंद पडला.

या पंपाचं काम पाणी भरणं नाही की गाळणं नाही. गाळायचं यंत्र मागे वेगळं असतं. हा पंप फक्त पाणी हलतं ठेवतो. कारण प्रवाळ बिचारं जागचं हलत नाही. त्याचं खाणं, त्याचा श्वास, त्याच्या अंगावरची घाण जाणं, सगळं पाण्यानं येऊन-जाऊन करायचं. पंपानं आधी घरघर केली, मग एक उसासा टाकला आणि गप्प झाला. पाण्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा आला. प्रवाळाची बोटं लोंबून राहिली.

"पोरीला विचारा ना, कुठला आणायचा ते," काकू म्हणाल्या.

काका म्हणाले, तिला कामाचा ताण असतो, एवढ्याशा गोष्टीसाठी तिला कशाला त्रास. मनात मात्र ते सहकारी महाशय एका पायावर उभे असलेले त्यांना स्पष्ट दिसत होते.

तोपर्यंत काकूंनी आपल्यापुरता इलाज सुरू केला होता. एक लाकडी डाव घासूनपुसून टँकजवळ ठेवला आणि जाता-येता त्या पाणी ढवळू लागल्या. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी नुसता वरच्यावर हिसका, कधी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता बराच वेळ. प्रवाळ पुन्हा फुललं. काका म्हणाले, "अगं, निदान एका दिशेनं तरी फिरव. त्याला कळायला नको, कुठून येणार ते?" काकू टाचण्या तोंडात धरून म्हणाल्या की त्याला कळून ते काय बाजूला होणार आहे?

काका तडक दुकानात गेले.

शोभेच्या माशांचं ते दुकान बुडबुडेशेठचं. खरं नाव गल्लीत कोणाला माहीत नाही. दुकानभर टँक, प्रत्येक टँकमधे बुडबुडे, आणि गल्ल्यावर बसलेला हा माणूस त्या सगळ्यांपेक्षा जास्त आवाज करणारा. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक वादात कधी हरत नाही. शेठ आधी खरं काय ते सांगतो. गिऱ्हाइकाला ते पटलं नाही की तेवढ्याच उत्साहानं उलटं सांगतो, आणि विकतो दोन्ही वेळा.

त्यानं टँक केवढा म्हणून विचारलं. काकांनी हात पसरून दाखवला. त्यानं विचारलं, प्रवाळ कुठलं. काका म्हणाले, हिरवं.

"मऊ जातीचं की कडक?"

"हात लावून पाहिला नाही अजून."

शेठनं कपाळावर आलेले केस मागे सारले आणि भिंतीवर टांगलेले पंप एकेक करून काउंटरवर मांडले. हा छोटा, पंख्यासारखा, पाणी पसरट ढकलतो. हा लांबट, पट्टीसारखा. हा मोठा, पाइपातून सोडल्यासारखी सरळ धार मारतो, मोठ्या टँकसाठी. हा एक स्वतःच्या मर्जीनं कमी-जास्त होतो, लाटेसारखा. तुमच्या टँकला, शेठ म्हणाला, हे छोटे दोन घ्या. एक या काचेला, एक त्या काचेला, तोंडं समोरासमोर. दोघांचं पाणी मधोमध येऊन एकमेकांवर आदळतं, फुटतं, वाटेल तिकडे जातं. प्रवाळाला तेच लागतं. सरळ धार त्याच्या अंगावर आली तर ते मिटून बसतं, आणि काही दिवसांनी अंगावरचं मांस सोडायला लागतं. नेम नसलेलं, हलकं, सगळीकडून येणारं पाणी पाहिजे.

काका इतका वेळ मान डोलावत होते. "समोरासमोर" आणि "आदळतं" हे दोन शब्द आले तशी ती मान थांबली.

"म्हणजे टक्कर," काका म्हणाले.

"टक्करच की. सगळी मजा त्या टकरीतच आहे."

"शेठ, समोरासमोरच्या टकरींचे पंचनामे करता करता माझे केस पांढरे झाले. आणि तुम्ही तीच मला डब्यात घालून विकताय?"

मर्जीनं चालणाऱ्या पंपाकडे तर काकांनी असं पाहिलं की जणू त्याचा परवाना मागणार आहेत. कुठे वळणार हे आधी न दाखवणारं असं त्यांच्या घरात एक होतं तेवढं पुरे होतं. त्यांनी बोट ठेवलं ते त्या मोठ्यावर. सरळ धार. एक तोंड, एक दिशा.

शेठनं क्षणभर विचार केला, म्हणजे खोकला. मग म्हणाला, काका, तुमची नजर पारखी आहे. पाण्याला दिशा असली की घाण एका कोपऱ्यात जमते, वेचायला सोपी. शक्ती म्हणाल तर हा बाप आहे सगळ्यांचा. आता तुमच्या टँकला थोडा मोठा होईल, पण मोठं काय कधी कमी पडतं? फक्त एक, पाण्यात गेलेला पंप आम्ही परत घेत नाही. जिथे झाडून सगळा माल पाण्यातच असतो त्या दुकानाचा हा नियम ऐकूनही काका हसले नाहीत. नियम म्हटला की त्यांना आदरच वाटतो.

घरी येऊन त्यांनी पंप डाव्या काचेला चुंबकानं बसवला, बाही खाली केली आणि बटण दाबलं.

त्या संध्याकाळी काकांइतका सुखी माणूस गल्लीत नव्हता. पाणी डावीकडून निघालं, उजव्या काचेपर्यंत गेलं, तिथे शिस्तीत खाली वळलं, वाळूवरून परत आलं आणि पुन्हा वर. खाण्याचे दाणे टाकले तर एकामागून एक रांगेनं फिरायला लागले, एकही दाणा दुसऱ्याला ओलांडून पुढे जात नव्हता. काकांनी खुर्ची ओढून समोर मांडली. चौकात असताना त्यांना जे कधी लाभलं नव्हतं ते आता काचेत होतं: शंभर टक्के वन-वे, आणि तोही हॉर्नशिवाय.

एवढंच की ती सोय तिथे राहणाऱ्यांना मानवत नव्हती. दोन्ही मासे मागच्या कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले, रस्ता ओलांडता येत नाही म्हणून फुटपाथवर ताटकळलेल्या नवरा-बायकोसारखे. खाणं समोरून भरधाव जायचं, ते तोंड उघडायचे तोवर निघून गेलेलं असायचं. गोगलगाईनं काचेला जी मिठी मारली ती सोडायचं नाव घेईना. डाव्या बाजूची वाळू उडून तळाची काच उघडी पडली आणि उजव्या बाजूला तिचा ढीग झाला. काका त्याला अतिक्रमण म्हणाले आणि रोज सकाळी ते हटवू लागले.

आणि प्रवाळ. पहिल्या दिवशी त्याची सगळी बोटं एकाच बाजूला ताणली गेली, गर्दीच्या बसमधे दांडीला लोंबकळल्यासारखी. काकांना ती शिस्त वाटली. दुसऱ्या दिवशी बोटं आखूड झाली. मग दिसेनाशी झाली, नुसत्या सुरकुतलेल्या गाठी राहिल्या.

काकूंनी शिवण बाजूला ठेवून पाहिलं. "मी ढवळत होते तेव्हा बरं होतं की हो."

"तू ढवळत होतीस. ही व्यवस्था आहे."

"मग व्यवस्थेला सांगा, ते मरायला लागलंय."

काका म्हणाले, नवा नियम लागू झाला की सुरुवातीला सगळेच कुरकुरतात, नंतर अंगवळणी पडतो. तरी रात्री जेवताना त्यांचं लक्ष ताटात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका डब्याचं झाकण कापून धारेच्या मधे उभं केलं, दुभाजक म्हणून. पाणी झाकणाला आपटून दुप्पट जोरानं नेमकं प्रवाळाच्या बुडाशी जायला लागलं. एका झुबक्याचं मांस कडेनं सुटलं आणि खालचं पांढरं हाड दिसायला लागलं. काकांनी झाकण काढून टाकलं आणि कोणाला न सांगता पंपही बंद केला. मग घाबरून परत सुरू केला, कारण पंपाऐवजी पाणी हलवायला डाव मागत काकूंपुढे जायचं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं होतं.

असा रविवार उजाडला. काकांनी टँकचा दिवा मंद केला, फोन असा धरला की दगडाची मागची बाजू दिसावी, आणि दगडाबद्दलच भरभरून बोलायला सुरुवात केली.

"बाबा, जरा वर घ्या ना फोन."

काका म्हणाले, त्याची झोपायची वेळ आहे.

"दुपारी?" लेक म्हणाली. "आणि मासे दोन्ही कोपऱ्यात का चिकटलेत?"

"शिस्त लागली त्यांना."

मागून काकू मशीन चालवायच्या थांबल्या. मग लेक अगदी हळू आवाजात, मोठ्या माणसाला दुखवू नये तशा बेतानं म्हणाली की बाबा, तुम्ही खूप केलंत, पण तुमच्या मागे हे नसतं लोढणं मी लावलं. शनिवारी तो सहकारी येईल, बघेल आणि घेऊन जाईल. तुम्ही सुटाल. आईला पण तिची जागा मिळेल.

काकांना सांगायचं होतं की मला सुटायचं नाहीये. ते म्हणाले, "बरं." आणि सवयीनं फोन काकूंकडे दिला.

सोमवारी ते घरात बसू शकले नाहीत. पाय चालायला लागले आणि पायांना एकच वाट माहीत होती. बाजाराजवळच्या चौकाच्या अलीकडेच त्यांना दिसलं की सिग्नल बंद आहे. तिन्ही दिवे मेलेले, आणि मधल्या गोल ओट्यावर, जिथे त्यांचं आयुष्य गेलं, तिथे कोणी नाही. ड्युटीवरचा हवालदार कोपऱ्यावरच्या सावलीत चहा पीत होता.

खोटं कशाला सांगायचं, काकांना बरं वाटलं. आता बघा म्हणावं काय होतं ते. बाजाराची वेळ, चारी रस्ते भरलेले, मधे माणूस नाही. असा तिढा बसेल की संध्याकाळपर्यंत सुटायचा नाही, आणि मग कोणाला तरी आठवण होईल की इथे एक शिट्टी होती. ते दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून उभे राहिले, तिढ्याची वाट बघत.

तिढा काही बसेना. स्कूटर आल्या, हातगाडी आली, एक बस आली, भाजीचा टेम्पो आला. चारी बाजूंनी सगळे एकदम चौकात शिरले, एकमेकांच्या अंगावर आले, थबकले, एकमेकांच्या खानदानाचा उद्धार केला, थोडे डावीकडे झाले, थोडे उजवीकडे, आणि निघून गेले. एक म्हातारी त्या सगळ्याच्या मधून पिशवी सांभाळत पार झाली, तिनं कोणाकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांच्या काळात एक बाजू सोडली की तीन बाजू उन्हात तापत उभ्या असायच्या. इथे कोणी फार वेगात जात नव्हतं, पण कोणी थांबूनही राहत नव्हतं. जोर एकाच जागी कुठेच साचत नव्हता.

हवालदारानं त्यांना ओळखलं, कप ठेवून सलाम केला. काकांनी विचारलं, सिग्नल कधीपासून बंद आहे.

"बरेच दिवस झाले साहेब. दुरुस्त करायला कोणी येईना, आणि खरं सांगू का, कोणाची तक्रारही येईना."

काका त्या पायरीवर खाली बसले. हवालदाराला वाटलं ऊन लागलं, त्यानं पाणी आणून दिलं. ऊन लागलं नव्हतं. माणसानं जन्मभर ज्या ओट्यावर उभं राहून हात हलवले त्या ओट्यावाचून चौकाचं काही अडत नाही, हे बघायला लागलं होतं. असलं काही दिसल्यावर दुसरा माणूस घरी जाऊन पांघरूण घेऊन झोपला असता. काकाही बराच वेळ तसेच बसले. पण हळूहळू त्यांची नजर ओट्यावरून उठली आणि टेम्पो जिथे बसच्या तोंडावर येऊन वळत होता तिथे थबकली. समोरून येणं, जोर मोडणं, बाजूला पसरणं. बायकोनं डावानं दाखवलं तेव्हा पटलं नव्हतं, शेठनं तोंडानं सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. ते पटायला त्यांना त्यांचाच चौक लागला. बायको आणि दुकानदार यांच्यापेक्षा पुरावा मोठा, हे काकांचं जुनं तत्त्व आहे.

बुडबुडेशेठनं त्यांना दारात पाहिलं आणि छोटे दोन पंप न मागता काउंटरवर ठेवले. "मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं," तो म्हणाला, आणि तेव्हाच त्याचं उलटंही म्हटलं होतं तेवढं गाळलं. काकांनी विचारलं, आता त्या मोठ्या पंपाचं काय करू.

"मोठा टँक घ्या," शेठ म्हणाला.

छोटे पंप काकांनी एक या काचेला, एक त्या काचेला लावले. दोन्हींना एक टायमर, म्हणजे कधी हा चालणार, कधी तो, कधी दोन्ही. तोंडं समोरासमोर आणि जराशी वर, धार थेट प्रवाळावर येणार नाही अशी. बटण दाबताना त्यांनी मान वळवली. टक्कर होताना बघवत नाही अजून.

काकू मशीनवरून उठून आल्या. पाणी मधे येऊन फुटत होतं, वर जात होतं, कोपऱ्यात शिरत होतं, मधेच विसरल्यासारखं थांबून उलटं फिरत होतं. खाण्याचा दाणा कुठे जाईल याचा नेम नव्हता, आणि म्हणूनच मासे कोपऱ्यातून बाहेर आले, कारण दाणा कधी ना कधी त्यांच्याही तोंडाशी येत होता. काकू बराच वेळ बघत राहिल्या.

"आत्ता कसं घरातल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस काकांनी टँकसमोर काढले. गोगलगाय हलली. वाळू सपाट राहू लागली. गाठी आधी फुगल्या, मग एका झुबक्यातून एक बोट बाहेर आलं, चाचपून परत आत गेलं. शुक्रवारपर्यंत झुबके उघडले होते, पिवळे मणी डुलत होते. एक सोडून. त्या एकाचं मांस सगळं गेलं होतं आणि मागे उरला होता पांढरा, धारदार कडांचा नुसता पेला.

शनिवारी सकाळी काकांनी बाही वर केली, टँकमधे हात घातला आणि तो दगड असा फिरवला की पांढरा पेला भिंतीकडे जावा. समोरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. काकू गुंडी लावत होत्या, त्यांनी नुसतं पाहिलं आणि दोरा तोडला. त्या काही बोलल्या असत्या तर काकांनी वाद घातला असता. त्या बोलल्याच नाहीत, त्यामुळे काकांना स्वतःशीच बोलावं लागलं. आणि त्यांना ठाऊक होतं की गाडीला पोचा आलेला माणूस ती हमखास भिंतीला चिकटवून लावतो. असल्या भिंतीकडच्या बाजू त्यांनी आयुष्यात किती तपासल्या होत्या, आणि पोच्यापेक्षा त्या चिकटवण्याबद्दलच माणसाला किती सुनावलं होतं.

त्यांनी दगड परत होता तसा केला. हात पुसायचंही विसरून लेकीला फोन लावला. आपण होऊन त्यांनी तिला लावलेला बहुधा तो पहिलाच फोन. तिनं उचलल्या उचलल्या विचारलं, आई बरी आहे ना?

"आई बरी आहे. माझ्याकडून चूक झालीय," काका म्हणाले, आणि हे वाक्य ऐकून काकूंच्या बोटात सुई गेली.

मग त्यांनी जबाब दिला, अगदी क्रमवार. पंप बंद पडला, तुला सांगितलं नाही. शेठ सांगत होता ते ऐकलं नाही. आईचं ऐकलं नाही. एकच दिशा असावी म्हणून मोठा आणला. धारेत झाकण कापून लावलं. एक झुबका मेला. रविवारी झोपलंय म्हणालो, ते खोटं होतं. आता दोन छोटे समोरासमोर लावलेत, बाकीचं फुललंय. तो मेलेला दाखवतो, थांब.

लेकीनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि मग जी सुरू झाली ती थांबेना. एवढा मोठा पंप बाबा, तो तळ्याला लावतात. एवढे दिवस कळवलं नाहीत. मी काय तुम्हाला खाणार होते? झाकण कापून लावलंत? कसलं झाकण? ते धुतलं तरी होतं का? काका "हो", "नाही", "बरोबर आहे" करत उभे होते. काकू मधे पडायला उठल्या, दोनदा फोनसाठी हात पुढे केला. काकांनी पाठ वळवली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. "थांब गं," ते कुजबुजले, "मला बोलतेय ती."

सगळं बोलून ती दमली, तेव्हा तिनं विचारलं, समोरासमोर कोणी लावले.

"मीच."

"तुम्ही? टक्कर होऊ दिलीत?"

"होऊ दिली," काका म्हणाले. "रोज बघतो."

पलीकडून हसू आलं. तिनं आवरायचा प्रयत्न केला, पण ते फिसकन बाहेर पडलंच. मग पुन्हा आवाज कडक करून तिनं सांगितलं की मेलेला भाग कापून काढावा लागेल, नाहीतर शेजारच्याला लागण होईल, ते कसं करायचं ते ती उद्या दाखवेल. त्या माणसाला ती येऊ नको म्हणून कळवते, आता दगड हलवला तर उरलेलंही जाईल. आणि बाबांवर यापुढे तिचा काडीचा विश्वास नाही. रविवार-बिविवार काही नाही, रोज संध्याकाळी फोन, रोज टँक दाखवायचा, आणि ती विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचं.

ही बातमी काकांनी स्वतः इमारतभर सांगितली. जिन्यात भेटेल त्याला, मग तो भिंतीकडून चढत असो की कठड्याकडून. जामिनावर सुटलेल्या माणसाला पोलीस ठाण्यात रोज हजेरी लावायची अट घालतात ना, तशी अट घातलीय पोरीनं, असं सांगताना चेहरा असा की छातीला पदक लावलंय. आता रोज ऑफिस सुटायच्या वेळेच्या बऱ्याच आधीपासून आरोपी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, फोन हातात धरून टँकसमोर हजर असतो. काकू म्हणतात, फोन येईपर्यंत निदान दोन वाट्या मटार तरी सोलून द्या. तर म्हणतो, हात रिकामे ठेवावे लागतात, कधी वाजेल सांगता येत नाही.